गाठ नेमकी कोणाची? स्टेम सेल उपचाराच्या सुरक्षिततेवर प्रश्न उभा करणारं एक प्रकरण

2005 साली 13 वर्षांचा एक मुलगा सतत डोकं दुखतं म्हणून इस्राएलमधल्या तेल हाशोमेर इथल्या शेबा मेडिकल सेंटरमध्ये दाखल झाला. एमआरआय केला तर दोन ठिकाणी गाठी: एक मेंदूत आणि दुसरी पार खाली, मज्जारज्जू संपून नसांचा झुपका सुरू होतो तिथे, त्या नसांवर दाब देणारी. मुलाला जन्मापासून अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया होता, डॉक्टर मंडळी ज्याला थोडक्यात ए-टी म्हणतात तो आजार. या मुलांना कर्करोगाचा धोका मुळातच मोठा असतो. त्यामुळे पहिला तर्क सरळ होता: मूळ आजारानेच आणखी एक तोंड वर काढलं.

हा तर्क चुकीचा ठरला, आणि तो चुकीचा असल्याचं ज्या पद्धतीने सिद्ध झालं ते वाचताना एखादी चोख पोलीस चौकशी वाचल्यासारखं वाटतं. फेब्रुवारी 2009 मध्ये निनेट अमारिग्लिओ, गिडिऑन रेशावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रकरण पीएलओएस मेडिसिन या नियतकालिकात मांडलं. मेंदूत मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होऊ शकतात त्या स्टेम सेल, सोडण्याच्या उपचारातून माणसाच्या मेंदूत गाठ झाल्याची ती पहिली नोंद. आज पार्किन्सन, एएलएस, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम अशा कशावरही ‘स्टेम सेल घ्या’ म्हणणाऱ्या जाहिराती मराठी घरांच्या मोबाइलवर येऊन पडतात. म्हणून हे जुनं प्रकरण पुन्हा नीट उलगडून बघावंसं वाटलं.

आजार आणि मॉस्कोची वाट

ए-टीमध्ये मूल चालायला शिकतं, पण चालणं कधी पक्कं होत नाही. तोल जातो, बोलणं जड होतं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर लाल बारीक शिरा दिसू लागतात, छातीचे संसर्ग पाठ सोडत नाहीत. दहाव्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं चाकाच्या खुर्चीवर येतात. अकराव्या गुणसूत्रावरच्या एटीएम नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. डीएनए तुटला की धोक्याची घंटा वाजवून दुरुस्ती सुरू करायची, हे या जनुकाचं काम. ते थांबलं की लहान मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात, प्रतिकारशक्ती लंगडी पडते आणि रक्ताचे व लसिकाग्रंथींचे कर्करोग वाढतात. त्यात किरणोत्सर्ग या मुलांना अजिबात सोसत नाही, म्हणजे कर्करोग झालाच तर रेडिएशनचा मार्गही जवळपास बंद.

आजार थांबवणारं औषध तेव्हा नव्हतं. अशा वेळी आईवडील काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. ते विमानाचं तिकीट काढतात. 2001 मध्ये, मुलगा 9 वर्षांचा असताना, त्याला मॉस्कोला नेण्यात आलं. तिथे गर्भाच्या मेंदूतून काढलेल्या मज्जासंस्थेच्या मूळपेशी त्याच्या लहान मेंदूत आणि मणक्यातल्या पाण्यात सोडल्या गेल्या. हाच उपचार तो 10 वर्षांचा असताना आणि पुन्हा 12 वर्षांचा असताना झाला. एकूण तीन वेळा.

आईवडिलांना शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. प्रश्न पेशी देणाऱ्यांना विचारायचा आहे: तिसऱ्यांदा सुई टोचण्याआधी पहिल्या दोन वेळच्या पेशींचं आत काय झालं, हे कोणी पाहिलं होतं का?

पेशींची ओळखपरेड

सप्टेंबर 2006 मध्ये कण्यातली गाठ शस्त्रक्रियेने काढली. पॅथॉलॉजीच्या काचपट्टीवर ती ग्लायोन्यूरोनल प्रकारची दिसली, म्हणजे संदेश वाहणाऱ्या चेतापेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी अशा दोन्ही वळणांच्या पेशी तिच्यात होत्या. गाठ सौम्य स्वरूपाची होती. पण ए-टीच्या मुलांत जे कर्करोग नेहमी दिसतात त्यांच्यात ही बसत नव्हती, आणि मज्जासंस्थेच्या मूळपेशी मोकाट वाढल्या तर जे तयार होईल त्याच्याशी मात्र तिचं साम्य होतं. संशय घ्यायला एवढं पुरे होतं. सिद्ध करायला मुळीच पुरेसं नव्हतं.

मग गाठीच्या पेशी आणि मुलाच्या रक्तातल्या पेशी शेजारी शेजारी ठेवून तपासणी सुरू झाली. पहिला प्रश्न होता, गाठ मुलाची की मुलीची? फिश नावाच्या चाचणीत एक्स आणि वाय गुणसूत्रांना वेगवेगळ्या रंगांत चमकणारे रेणू चिकटवतात आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ठिपके मोजत बसतात. मुलाच्या पेशीत दोन रंगांचा एकेक ठिपका दिसायला हवा. गाठीत एकाच रंगाचे दोन ठिपके असलेल्या पेशी दिसल्या: एक्स-एक्स. मुलाच्या कण्यात स्त्रीलिंगी पेशी वाढत होत्या.

त्याला जोड म्हणून अमेलोजेनिन जनुक तपासलं. हे खरं तर दातांच्या एनॅमलचं जनुक. ते एक्स आणि वाय दोन्हींवर असतं, पण दोन्हींकडच्या तुकड्याची लांबी किंचित वेगळी असते. म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळा बेवारस मृतदेहाचं लिंग ओळखायला तेच वापरतात. त्याचाही कौल त्याच बाजूने पडला.

इथे घाईचा वाचक म्हणेल, झालं की सिद्ध. नाही झालं. गाठीच्या पेशी गुणसूत्रांचा सावळागोंधळ घालण्यात पटाईत असतात. पुरुषांच्या गाठीत वाय गुणसूत्र गळून पडणं नवीन नाही, आणि उरलेल्या एक्सची दुसरी प्रत तयार झाली तर ती पेशी दिसायला एक्स-एक्सच दिसेल. शिवाय आईच्या थोड्या पेशी गरोदरपणात बाळात उतरून वर्षानुवर्षं टिकतात, हेही माहीत असलेलं आहे. म्हणजे एक्स-एक्स पेशींची दोन निरुपद्रवी स्पष्टीकरणं अजून शिल्लक होती.

खरा निर्णायक पुरावा मुलाच्या आजारातूनच आला. त्याच्या प्रत्येक पेशीत एटीएम जनुक बिघडलेलं. गाठीत मात्र ते निर्दोष निघालं. गाठ होताना जनुकं बिघडतात, पण जन्मजात बिघडलेलं जनुक गाठीत आपोआप दुरुस्त होऊन बसत नाही. त्यापुढे एचएलए तपासलं, मूत्रपिंड बसवताना दात्याशी जुळतं का म्हणून पाहतात तेच. गाठीचं एचएलए मुलाचं नव्हतं. शेवटी मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएमधले माणसागणिक वेगळ्या लांबीचे, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे. त्यांनी कळस केला: गाठीतल्या पेशी किमान दोन वेगवेगळ्या दात्यांच्या होत्या. आईची शक्यता तिथे संपली.

मुलाच्या शरीरात वाढलेली गाठ मुलाची नव्हतीच. मॉस्कोत सोडलेल्या पेशींनी ती केली होती.

हे कळलं ते नशिबाने

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण ‘पाहा, गाठ होऊ शकते’ इथे थांबतात. मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. ही गाठ ओळखता आली कारण तीन योगायोग एकत्र आले. गाठीत स्त्रीलिंगी पेशी होत्या आणि रुग्ण मुलगा होता, म्हणून पहिल्याच चाचणीत काहीतरी खटकलं. रुग्णाला एकाच जनुकाचा नेमका ठाऊक असलेला आजार होता, म्हणून त्याच्या पेशींवर जणू जन्मखूण होती. आणि तो अशा रुग्णालयात पोचला जिथे हा प्रश्न विचारणारी माणसं आणि उत्तर शोधणारी प्रयोगशाळा एकाच आवारात होती.

आता समजा, 68 वर्षांच्या पार्किन्सनच्या बाईंना परदेशातल्या एखाद्या क्लिनिकने स्त्री-गर्भाच्या पेशी दिल्या. पाच वर्षांनी गाठ झाली. गावच्या न्यूरोसर्जनने ती काढली, पॅथॉलॉजिस्टने ग्लायोमा, म्हणजे ग्लिया पेशींची गाठ, असं लिहिलं, घरच्यांनी ‘एकावर एक संकट’ म्हणून कपाळाला हात लावला. एचएलए तपासायचं कुणाच्या मनातही येणार नाही. अशा गाठी किती जणांना झाल्या याचा हिशेब कुठेच नाही, कारण उपचार करणारा एका देशात, रुग्ण दुसऱ्या देशात आणि त्यांच्यात धागा फक्त पैशांच्या पावतीचा.

शेबाच्या डॉक्टरांना आणखी एक गोष्ट हवी होती, ती मिळण्याजोगी नव्हती: मॉस्कोत दिल्या त्याच पेशी. त्या गोठवून ठेवलेल्या असत्या तर कळलं असतं की पेशी वाढवताना प्रयोगशाळेतच बिघडल्या होत्या, की शुद्ध नव्हत्या, की चांगल्या होत्या आणि आत गेल्यावर सुटल्या. ए-टीमुळे दुबळी झालेली प्रतिकारशक्ती परक्या पेशींना हुसकून लावू शकली नाही, हाही एक वाजवी तर्क आहे. तो खरा असेल तर हा उपचार ज्याला द्यायचा तोच रुग्ण त्याच्यासाठी सर्वांत धोक्याचा ठरतो. कण्यातली गाठ तळाशीच का, याचाही अंदाज बांधता येतो. मणक्यातल्या पाण्यात सोडलेल्या पेशी गुरुत्वाकर्षणाने खाली साचत असाव्यात. पण हे अंदाजच. मूळ कुपीशिवाय कोर्टात उभं राहील असं काही नाही.

एखाद्या गोळीने त्रास झाला तर गोळी थांबवता येते. चार-आठ दिवसांत ती शरीरातून निघून जाते. पेशी जिवंत असते, विभागते, जागा बदलते, आणि परत मागता येत नाही. त्यामुळे ‘दिल्यावर काही रिअॅक्शन आली नाही’ हे वाक्य या उपचारात जवळपास निरर्थक आहे. या मुलालाही टोचल्यावर लगेच काही झालं नव्हतं. गाठ दिसली ती पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी.

मग सुरक्षितता तपासायची कशी?

याचं एक बरंचसं प्रामाणिक उत्तर अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मिळालं. एएलएस हा मज्जारज्जूतल्या हालचालीच्या पेशी मारत नेणारा आजार. जानेवारी 2010 मध्ये तिथे जोनाथन ग्लास, निकोलस बूलिस आणि मिशिगनच्या इव्हा फेल्डमन यांच्या चमूने मज्जारज्जूत थेट मूळपेशी सोडण्याची पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू केली. पेशी एकाच गर्भाच्या मज्जारज्जूतून काढून वाढवलेल्या, म्हणजे दाता एक आणि ओळख पक्की.

त्या चाचणीचा क्रम बघण्यासारखा आहे. पहिल्या रुग्णांचं चालणं आधीच बंद झालेलं होतं. सुया कमरेच्या भागात, त्याही एकाच बाजूला. कारण उघड आणि जरा निष्ठुर आहे: सुईने मज्जारज्जूला इजा झालीच, तर जे पाय आधीच गेलेत तेच जातील. ते निभावल्यावर दोन्ही बाजूंना. त्यानंतर चालू शकणारे रुग्ण. मान सगळ्यात शेवटी, कारण श्वासपटलाच्या नसा तिथून निघतात आणि तिथली चूक म्हणजे व्हेंटिलेटर. पहिल्या 12 रुग्णांचा अहवाल 2012 मध्ये आला. त्याचा सूर एवढाच होता की शस्त्रक्रिया सोसवली. आजार बरा होतो असा दावा त्यात नव्हता. जाहिरातीच्या दृष्टीने असला अहवाल म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. सुरक्षिततेच्या चाचणीकडून मात्र नेमकं हेच अपेक्षित असतं.

क्योटो विद्यापीठाच्या जुन ताकाहाशींच्या गटाने पार्किन्सनसाठी वेगळ्या पेशी वापरल्या. प्रौढ दात्याच्या पेशी उलट्या वळवून मूळपेशींच्या अवस्थेला नेलेल्या, आयपीएस नावाच्या. त्यांच्यात मोठी भीती एकच: सगळ्या पेशींनी डोपामिन तयार करणाऱ्या पेशी (पार्किन्सनमध्ये मरतात त्या) व्हायचं मनावर घेतलं नाही आणि काही मूळ अवस्थेतच राहिल्या, तर गाठ. म्हणून तयार पेशींमधून योग्य दिशेला लागलेल्या पेशी कोरिन नावाच्या खुणेवरून वेचून घेतल्या. आधी पार्किन्सनसदृश आजार केलेल्या माकडांत त्या सोडून दोन वर्षांपर्यंत पाहणी केली. 2018 मध्ये पहिला रुग्ण. सात रुग्णांचा 24 महिन्यांचा अहवाल 2025 च्या एप्रिलमध्ये नेचरमध्ये आला. गंभीर दुष्परिणाम नाही, एमआरआयवर गाठ नाही. माणसं फक्त सात आणि काळ फक्त दोन वर्षं, हे वाचकाने स्वतःशी म्हणायचं. मॉस्कोच्या मुलाचं घड्याळ चार वर्षांनी वाजलं होतं.

उंदरांच्या चाचण्यांची मर्यादाही इथेच लक्षात येते. माणसाच्या पेशी उंदरात टिकाव्यात म्हणून ज्यांची प्रतिकारशक्ती काढून टाकलेली असते असे उंदीर घेतात, त्यांच्यात या पेशी सोडतात आणि महिनोन् महिने गाठ होते का पाहतात. हे आवश्यकच आहे. पण उंदराचं सगळं आयुष्य दोन वर्षांच्या आसपास. ज्या गाठीला दिसायला चार वर्षं लागतात ती दाखवायला उंदीर जिवंत राहत नाही. म्हणजे माणसांची दीर्घकाळची पाहणी हा चाचणीचाच शेवटचा, सर्वांत लांब टप्पा. जो दवाखाना रुग्ण विमानतळावर सोडला की फाइल बंद करतो, त्याने हा टप्पा केलेलाच नसतो.

आणि धोका फक्त गाठीचा नाही. 2001 मध्ये पार्किन्सनच्या 40 रुग्णांवरची एक चाचणी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. काहींना गर्भाच्या मेंदूतल्या पेशी दिल्या, काहींच्या कवटीला नुसती छिद्रं पाडली. पेशी मिळालेल्यांपैकी सुमारे 15 टक्क्यांना एक वर्ष उलटल्यावर अंग आपोआप वळवळण्याचा त्रास सुरू झाला, औषध कमी केलं तरी न थांबणारा. पेशी जगल्या होत्या, कामही करत होत्या. त्रास त्यातूनच आला असावा. तुलनेचा गट आणि वर्षांची पाहणी नसती तर तो ‘पार्किन्सन वाढला’ या खात्यावर जमा झाला असता.

त्यानंतरची प्रकरणं

इस्राएलचा मुलगा अपवाद राहिला नाही. 2014 मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्या एका तरुणीचं प्रकरण आलं. तिच्या नाकाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी कण्यात सोडल्या होत्या. आठ वर्षांनी पाठ दुखू लागली आणि कण्यात एक पिंड सापडला. नाकाचं अस्तर जिथे जाईल तिथे आपलं काम करतं, म्हणून त्यात शेंबडासारखा स्राव भरलेला होता. ‘तुमच्याच पेशी, मग धोका कसला’ हे दवाखान्यांचं आवडतं वाक्य. त्या पेशी तिच्याच होत्या.

2016 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 66 वर्षांच्या एका गृहस्थांचं प्रकरण छापून आलं. पक्षाघातानंतर त्यांनी चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिको असे तीन देश पालथे घालून मणक्यात पेशी घेतल्या होत्या. मज्जारज्जूत वाढलेल्या पिंडातल्या पेशी दुसऱ्याच कुणाच्या निघाल्या. तीन देशांतल्या कोणत्या कुपीतून हे आलं, हे कोण सांगणार?

आपल्याकडे

भारतात नियम कागदावर बराच स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं रक्तमूळपेशींचं प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, सोडून बाकी सगळे मूळपेशी उपचार प्रायोगिक आहेत. ते मंजूर चाचणीतच करावेत आणि त्यांचा धंदा करू नये. 2007 च्या आवृत्तीच्या शीर्षकात ‘संशोधन आणि उपचार’ असं होतं. 2013 मध्ये ‘उपचार’ काढून नुसतं ‘संशोधन’ ठेवलं, तेही मुद्दाम. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या पेशींचे पैसे घेणं हीच मोठी धोक्याची खूण. बिल लाखात येत असेल तर ती चाचणी नाही, विक्री आहे.

तरीही घरात एएलएसचा माणूस असला की नातेवाईक विचारतात, ‘निदान विचारून तरी बघू?’ जरूर विचारावं. पेशी कुणाच्या, एका दात्याच्या की अनेकांच्या? किती दिवस वाढवल्या, आणि वाढवल्यावर गुणसूत्रं पुन्हा तपासली का? जनावरात किती महिने पाहिलं? चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियामध्ये आहे का, असेल तर क्रमांक द्या. एमआरआय पुढची किती वर्षं होणार, आणि त्याचा खर्च कुणाचा? आणि आठ वर्षांनी गाठ सापडलीच, तर तिच्याशी ताडून बघायला आज टोचताय त्या पेशींचा नमुना कोणत्या फ्रीजरमध्ये, कोणत्या क्रमांकाने ठेवलेला असेल?